शब्दचर्चा: गोल्फ कोर्सचं ‘जतन’, बेडकाचं ‘संरक्षण’ आणि मधला ‘निचरा’

अनुवादिका:
कॅलिफोर्नियातल्या शार्प पार्कच्या वादावर मुंबईतल्या वाचकांसाठी मजकूर करते आहे. पॅसिफिका गावात समुद्राला लागून १८ होलचा गोल्फ कोर्स आहे. मालकी सॅन फ्रान्सिस्को शहराची, आखणी अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांची, १९३२ साली खुला झाला. आवारातच लगुना सलाडा हे तळं, त्यात लालपाय बेडूक आणि त्या बेडकांवर जगणारा सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप. सध्याची वाक्यं अशी: ‘सार्वजनिक गोल्फ मैदानाचे जतन की लुप्तप्राय वन्यजीवांचे संरक्षण?’ आणि ‘पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याचा निचरा केल्याने बेडकांच्या अंड्यांचे नुकसान होते.’ कुठे खटकतंय?

टिटवी:
‘लुप्तप्राय’ हा हिंदीतून आलेला शब्द, आणि तो दोघांना एकच लावता येत नाही. साप अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत १९६७पासून ‘एंडेंजर्ड’ आहे, बेडूक १९९६पासून ‘थ्रेटन्ड’. पहिल्याला आपल्याकडे ‘संकटग्रस्त’ रुळलेला आहे. दुसऱ्याचा तिथल्या कायद्यातला अर्थ अंदाज बांधता येईल अशा भविष्यकाळात संकटग्रस्त होण्याची शक्यता असलेला असा आहे. अवर्षणप्रवण, अपघातप्रवण म्हणतो तसं ‘संकटप्रवण’ म्हणा, चटकन कळतं.

गार्टरला कुणी ‘बागेतला साप’ केलं असेल तर तेही खोडा. गार्टर म्हणजे मोजा धरून ठेवणारी पट्टी. अंगावरच्या लांब पट्ट्यांवरून ते नाव पडलं असं सांगतात. वाचकाला कल्पना यावी म्हणून ‘नानेटीसारखा पट्टेदार’ लिहा, पण नुसतं ‘नानेटी’ नको, ती आपली वेगळी जात.

शिवडीकर:
तळ्याला काय म्हणणार? शाळेच्या भूगोलात लगूनला ‘खाजण’ आहे.

टिटवी:
इथे नको. शिवडीपासून उरणपर्यंत खाजण म्हटलं की भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी जमीन आणि तिवरं डोळ्यांपुढे येतात. ‘लगुना सलाडा’चा स्पॅनिश अर्थ खारं तळं असाच आहे, पण आता समुद्राच्या बाजूला बांध असल्यामुळे पाणी बहुतेक गोडं असतं आणि बेडूक आहे तो त्यामुळेच. हजारात साडेचार भागांहून जास्त क्षार झाले तर या बेडकाची अंडी मरतात. समुद्राच्या पाण्यात ते प्रमाण ३५च्या आसपास असतं. म्हणजे बांध फुटला तर फेअरवेही (खेळायचा कापलेल्या गवताचा पट्टा) जातो आणि अंडीही. ‘गोड्या पाण्याचं तळं’ लिहा, नाव आहे तसं ठेवा, आणि बांधाचा उल्लेख गाळू नका. नाहीतर दोन्ही बाजूंना तोच बांध हवा असू शकतो हे कुणाच्या लक्षातच येणार नाही.

शिवडीकर:
मग माझा मुख्य आक्षेप ‘निचरा’ला आहे. निचरा आपोआप होतो, उतारावरून, मातीतून. शिवाय मुंबईत निचरा झाला ही चांगली बातमी असते. इथे पंप लावून पाणी खेचतात. त्याला ‘उपसा’च म्हणायला हवं, करणारा दिसला पाहिजे.

नुकसान कसं होतं तेही वाक्यात यायला हवं. मादी पाणकणसासारख्या उभ्या दांड्यांना पाण्याच्या पृष्ठभागाजवळ अंड्यांचा पुंजका चिकटवते. अंडी फुटायला साधारण ६ ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात उपशाने पाणी वीतभर खाली गेलं तरी पुंजका दांड्यावर हवेत लटकून वाळतो. पंप बंद ठेवला तर फेअरवेवर पाणी चढतं, आणि तिथल्या उथळ पाण्यात अंडी घातली गेली तर पाणी ओसरल्यावर तीही वाया जातात. म्हणून पंप चालू की बंद एवढ्यावर भांडण संपत नाही. पातळी किती आणि ती किती दिवस स्थिर, हे ठरवावं लागतं. ‘नुकसान होते’ हे फार ढोबळ झालं. ‘अंडी कोरडी पडतात’ लिहा.

आणि ‘पावसाळ्यात’ तर नकोच! तिथला पाऊस हिवाळ्याचा, अंडी साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मुंबईचा वाचक जून-जुलै समजून बसेल.

अनुवादिका:
‘हिवाळी पावसात साचलेले पाणी पंपाने उपसल्यास अंडी कोरडी पडतात.’ चालेल? आणि अमेरिकेच्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यातल्या ‘टेक’चं काय करू? मसुद्यात ‘घेणे’ झालंय.

नस्ती:
वाक्य चालेल. ‘घेणे’ अजिबात नको. तिथल्या कायद्यात ‘टेक’मध्ये छळणं, इजा करणं, पाठलाग, मारणं, पकडणं हे सगळं येतं. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२मध्ये ‘शिकार’ची व्याख्या अशीच रुंद आहे, तरी तो शब्द उचलू नका. आपल्या व्याख्येत अंड्यांचा उल्लेख पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यापुरता आहे, बेडूक उभयचर. ‘हानी’ लिहा, आणि ‘इन्सिडेंटल टेक’ला ‘आनुषंगिक हानी’. हेतू दुसरा असताना ओघात होणारी हानी, उदाहरणार्थ गवत कापायच्या यंत्राखाली साप येणं.

‘सार्वजनिक मैदान’ही बदला. इथे त्याचा अर्थ शिवाजी पार्क, कुणीही जावं, पैसे नाहीत. तिथे शुल्क आहे, पण सभासदत्व लागत नाही. ‘शहराच्या मालकीचा, शुल्क भरून कुणालाही खेळता येणारा गोल्फ कोर्स’ लांब आहे, पण एकदाच लिहायचंय. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण कोर्स राहावा म्हणणाऱ्यांचा मुद्दाच परवडणाऱ्या खेळाचा आहे.

टिटवी:
‘जतन’ मात्र राहू द्या. आहे तसं टिकवणं म्हणजे जतन, धोक्यापासून राखणं म्हणजे संरक्षण, वाढवणं म्हणजे संवर्धन. जुन्या आखणीच्या कोर्सला जतन शोभतं. बेडकाला नुसतं जतन पुरत नाही, तिथे संरक्षणच.

अनुवादिका:
शेवटचं. बेडूक-सापांच्या याच हानीवरून २०११ साली शहरावर दावा झाला, २०१२च्या अखेरीस ‘न्यायालयाने तो फेटाळला’ असं लिहिलंय.

नस्ती:
‘फेटाळला’ म्हटलं की दाव्यात दम नव्हता असा अर्थ होतो. तसं झालं नव्हतं. संघराज्याच्या वन्यजीव खात्याने २०१२मध्ये या आनुषंगिक हानीबद्दल अटींसह आपलं मत दिलं, त्यामुळे ठरवायला प्रश्न उरला नाही असं न्यायालय म्हणालं. ‘प्रश्न उरला नसल्याने निकाली काढला’ लिहा.