कोल्हापुरात डॉक्टर सांगा, दाजींसाठी. लवकर.

पुणे_टू_कागल: दाजी कुणाशी बोलत नाहीत, रात्रभर जागे. ताई फोनवर रडते. मी रविवारी येतोय. नाव, पत्ता एवढंच हवंय.

उद्यमनगरवाला: वय काय? बीपी, शुगर? दारू?

पुणे_टू_कागल: दारू नाही हो. काम सुटल्यापासून असंच.

रंकाळाकाठ: हे आधी लिहायचं न्हवं भावा! कुठं होते? किती महिने झाले?

पुणे_टू_कागल: वय ४४. शिरोलीत फौंड्रीत मोल्डिंगला, ठेक्यावर, १९ वर्षं. दिवाळीनंतर कमी केलं.

उद्यमनगरवाला: मग डॉक्टर कशाला? गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित एमआयडीसी, दोन्हीकडं माणसं लागतात. बायोडाटा द्या. काम लागलं की आठ दिवसांत माणूस ताळ्यावर येतो.

शुभदा_राजारामपुरी: दादा, तसं नसतं. माझ्या मिस्टरांना काम लागलं तरी झोप यायला पाच महिने गेले. ऑस्ट्रियात मारिएन्थाल गावात गिरणी बंद पडली, तिथल्या बेकार लोकांचा अभ्यास १९३३ मध्ये छापलाय. वेळच वेळ, तरी लोक वाचनालयातून पुस्तकं कमी न्यायला लागले. पुरुष रस्त्यानं रेंगाळत चालायचे. पगाराबरोबर दिवसाची घडीच मोडते. हा आळस नव्हे.

तालीमवाला: पहाटे तालमीत पाठवा. घाम गेला की झोप लागते.

रंकाळाकाठ: जो दारात येत नाही तो तालमीत येणार?

हिशेबनीस: पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत होते का? अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ५० टक्के रकमेची तरतूद होती. आता चालू आहे का, चौकशी करा.

शुभदा_राजारामपुरी: ते नंतर. जीव नकोसा झालाय, असं काही बोललेत का?

पुणे_टू_कागल: ताईला आत्ता विचारलं. साडेपाचला उठून दाढी करतात. कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की आतल्या खोलीत जाऊन कडी लावतात. काल म्हणाले, "माझ्या विम्यात तुमचं भागेल."

शुभदा_राजारामपुरी: रविवारची वाट बघू नका. त्यांना एकटं सोडू नका, कडी काढून ठेवायला सांगा. आत्ताच १४४१६ लावा, टेलीमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. सकाळी सीपीआर सरकारी दवाखान्याचा मानसोपचार विभाग. रात्री काही वाटलं तर तिथंच अपघात विभागात न्या.

उद्यमनगरवाला: ताई, मी चुकीचं बोललो. भावा, घर कुठल्या भागात? गाडी आहे माझी, सकाळी मी नेतो.

पुणे_टू_कागल: मेसेज केलाय तुम्हाला. ताई १४४१६ वर बोलतेय. मी स्वारगेटला आहे, मिळेल त्या एसटीनं निघतो.