थॅलेसेमिया वाहक जोडपं: बाराव्या आठवड्यात सीव्हीएस की सोळाव्यात अ‍ॅम्नियो?

कडूलिंब:
नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया मायनर (या रक्तविकाराचे नुसते वाहक) असतील तर दर गरोदरपणात मेजर (सतत रक्त चढवावं लागणाऱ्या) बाळाची शक्यता 25 टक्के. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली घरांत हा प्रश्न नवा नाही. तरीही ‘सुई घातली की गर्भ पडतो’ म्हणून गर्भाची तपासणी टाळतात, मग ती सीव्हीएस (वारेचा बारीक तुकडा घेणं) असो की अ‍ॅम्नियो (गर्भाभोवतीचं पाणी काढणं). तो 1 टक्क्याचा बागुलबुवा 1986च्या डॅनिश अभ्यासातला. अलीकडच्या एकत्रित विश्लेषणात तपासणीमुळे वाढणारा धोका अ‍ॅम्नियोत सुमारे 0.3, सीव्हीएसमध्ये 0.2 टक्के निघाला. मग महिनाभर थांबायचं कशाला?

मोजपट्टी:
हे आकडे सरावलेल्या हातांचे आहेत. वर्षाकाठी दोन-चार सुया घालणाऱ्याला ते लागू करू नका. शिवाय सीव्हीएसची खरी मेख लॅबमध्ये आहे. वारेचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली आईच्या पेशींतून निवडून काढावे लागतात. त्यात कसूर झाली की आईचा डीएनए मिसळतो, आणि आई वाहकच असल्याने मेजर बाळ मायनर म्हणून खपून जातं! अ‍ॅम्नियोत पहिलं 2 मिली पाणी टाकून पुढचं 15-20 मिली घेतलं की भेसळीची भीती बरीच कमी होते.

कडूलिंब:
म्हणून तर आईचा नमुना शेजारी लावून भेसळ पडताळतात. ज्या लॅबमध्ये हे होत नाही तिथला अ‍ॅम्नियोचा रिपोर्टही नको. सोळाव्यात सुई, रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे, नमुना फसला तर पुन्हा सुई, की विसावा आलाच. गर्भपाताची वेळ आली तर बाराव्यातला आणि विसाव्यातला यांत किती अंतर आहे?

पाटावरवंटा:
दोघांचंही म्युटेशन (जनुकातला नेमका बिघाड) आधी सापडलेलं नसेल तर हा वादच फोल. लॅब गर्भात शोधणार काय? एचबीए-2 (वाहकांच्या रक्तात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) साडेतीन टक्क्यांच्या वर आलं की दोघांचीही डीएनए तपासणी लगेच उरका, शक्यतो दिवस राहण्याआधीच. आई आरएच निगेटिव्ह असेल तर सुईनंतर 72 तासांत अँटी-डी इंजेक्शन. तिच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध अँटीबॉडी आधीच तयार असतील तर सीव्हीएस नको. आणि पीसीपीएनडीटीखालचा (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखालचा) जी फॉर्म, म्हणजे संमतीपत्र, आईला कळणाऱ्या भाषेतच हवा, त्याची प्रतही तिला द्यायची.

मोजपट्टी:
म्युटेशन हाताशी, हात सरावलेला आणि भेसळीची पडताळणी, तिन्ही असतील तर सीव्हीएसला माझी ना नाही. पण घाईघाईत दहाव्या आठवड्याआधी नको, बाळाच्या हातापायांत व्यंग राहू शकतं. अ‍ॅम्नियोही पंधरा पूर्ण झाल्यावरच. त्याआधी पाणी गळणं आणि वाकडी पावलं, दोन्हींचं प्रमाण वाढतं.