'इकिरू'मध्ये नायक मध्येच मेला, की माझी फाइलच तुटकी आहे?

वेंगुर्ल्याची_सई:
काल रात्री जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'इकिरू' (१९५२) बघितला. दादाने पेनड्राइव्हवर दिलेला. बाहेर धो धो पाऊस, दोनदा लाइट गेली, त्यामुळे आधी वाटलं आपलाच कुठला तरी भाग सुटला. आज पुन्हा लावून बघितला, तरी गोंधळ तोच.

नायक म्हातारा वातानाबे, सरकारी ऑफिसातला, कॅन्सर झालेला, अंधारात वारलेल्या बायकोच्या फोटोसमोर बसलाय. मग एकदम अंत्ययात्रेची गाडी, बेसबॉलची मॅच, हॉस्पिटलची लिफ्ट, रेल्वे स्टेशन. यातलं आधीचं काय, नंतरचं काय? बरं, हे एक वेळ चालेल. पण पुढे तो ऑफिसात परत येतो, गटाराच्या जागी मुलांसाठी बाग करा, असा बायकांचा तो अर्ज गठ्ठ्यातून काढतो, आता काहीतरी करणार म्हणून मी सरसावून बसते, तर निवेदक म्हणतो पाच महिन्यांनी हा वारला! अजून पाऊण तासाच्या वर सिनेमा बाकी. मग पुढे जे दिसतं ते कोणत्या क्रमाने घडलं? गुंड आधी की उपमहापौर आधी? मला कागदावर मांडून हवंय.

कुडाळचो_बाबल्या:
फाइल बरोबर आसा गो. पिक्चर तसोच आसा. माका पण पयल्यांदा वाटला, कोणीतरी रीळ उलटा लावल्यान. पण तो झोपाळ्याचो सीन इलो आणि मगे काय इचारूचाच रवला नाय.

निवृत्त_कारकून_दापोली:
सई, मी उभी नोकरी टेबलावर आवक-जावक रजिस्टर घेऊन काढली, त्यामुळे हा सिनेमा मला जरा जास्तच कळतो असा माझा समज आहे. सांभाळून घे.

पहिला गोंधळ सोपा आहे. ती रात्र एकच आहे. आठवणी येतात त्या घरातल्या वस्तूंवरून आणि आवाजांवरून. मुलगा वरून 'बाबा!' अशी हाक मारतो. म्हातारा आशेने जिना चढायला लागतो, तर मुलगा म्हणतो, दार नीट लावून घ्या. दाराला अडसर म्हणून तो बेसबॉलची बॅट लावतो, आणि त्या बॅटवरून मॅच. मॅचमध्ये मुलगा आउट होतो, बाप खाली बसतो, तिथून लिफ्ट खाली जाते, स्ट्रेचरवर मुलगा. मग स्टेशनवर लढाईला निघालेला मुलगा. बायको वारली तेव्हापासून लढाईपर्यंत, क्रम सरळच आहे. ती बॅट मात्र नजरेतून सुटू देऊ नकोस.

दुसरं खरं कोडं. लक्षात घे, तोवर एक निवेदक होता, त्याला सगळं माहीत होतं. अगदी पहिल्या शॉटला त्याने म्हाताऱ्याच्या पोटाचा एक्स-रे दाखवून कॅन्सर सांगून टाकला. मृत्यू जाहीर केला आणि तो निवेदक गप्प झाला. पुढे फक्त त्याच्या घरी दुखवट्याला जमलेली, बहुतेक ऑफिसातली, माणसं बोलतात. ज्याने जेवढं बघितलं तेवढंच त्याला माहीत, तेवढंच आपल्याला दिसतं.

आमच्या एका हेडक्लार्कच्या तेराव्याला हेच झालं होतं. वाडीत साकव झाला तो कुणामुळे, यावरून पंगत उठल्यावर पडवीत चर्चा. एक म्हणाला निधी होताच. दुसरा म्हणाला, साहेबांनी सही केली म्हणून झाला. मग एका शिपायाने सांगितलं, हा माणूस डबा घेऊन रोज साहेबांच्या केबिनबाहेर बसायचा. लगेच दुसऱ्यालाही आठवलं. असं करत करत चहा गार होईस्तोवर माणूस उभा राहिला. सिनेमात चहाच्या जागी साके आहे, एवढंच. बाटली रिकामी होत जाते तशी जीभ सैल होते. उपमहापौर बसलेले असतात तोवर श्रेय त्यांचं; ते उठून गेल्यावर खरं बोलणं सुरू.

आता क्रम. अर्ज, मग खात्याखात्यांत खेटे आणि उपमहापौरांपुढे वाकणं, त्याच धावपळीत गुंडांची दमदाटी, मग बाग तयार, मग त्या बागेतल्या झोपाळ्यावरची बर्फातली शेवटची रात्र. चुकल्यासारखं वाटलं तर हॅट बघ. कॅन्सर कळल्यावर तो एक रात्र बार-नाचात घालवतो; जुनी हॅट त्या रंगेल रात्री जाते, तो नवी घेतो. नवी हॅट डोक्यावर असेल तर तो प्रसंग त्या रात्रीनंतरचा. तीच हॅट शेवटी पोलीस घेऊन येतो. दुसरी खूण गाण्याची. तेच जुनं गाणं तो दोनदा म्हणतो: एकदा बारमध्ये, तेव्हा आजूबाजूची माणसं अंग चोरतात, एकदा झोपाळ्यावर, तेव्हा तो पोलीस त्याला दारुडा समजतो.

वेंगुर्ल्याची_सई:
काका, हॅट!! ते माझ्या डोक्यातच आलं नाही. पण मग सरळ का नाही दाखवलं? बाग होताना बघायला मला आवडलं असतं. आणि मुलाला कॅन्सरचं कधी कळतं?

निवृत्त_कारकून_दापोली:
सरळ दाखवलं असतं तर तू सगळा वेळ 'होणार की नाही होणार' यातच अडकली असतीस. आता होणार हे माहीत आहे, म्हणून ही ऑफिसातली मंडळी काय काय लपवतात ते दिसतं. मला विचारशील तर सिनेमा म्हाताऱ्याचा कमी आणि त्या खोलीतल्या लोकांचा जास्त आहे. कुरोसावाबरोबर हाशिमोतो आणि ओगुनी असे तिघे पटकथेला बसले होते, उगाच नाही.

मुलाला बाप गेल्यावरच कळतं. जिन्यावर पिशवी सापडते, तिच्यात मुलाच्या नावाचं पासबुक, शिक्का, निवृत्तीच्या पैशांचे कागद. तो बायकोला म्हणतो, आपल्याला सांगितलं का नाही! मला त्याचा राग येतो. आमच्या हिला त्याची दया येते. यावर आमच्यात अजून वाद आहे.

कुडाळचो_बाबल्या:
काकानु, ऑफिसातलो तो तरणो कारकून किमुरा शेवटाक ऑफिसात उभो रवता, मगे परत खाली बसता. तेचा काय?

निवृत्त_कारकून_दापोली:
बाबल्या, बाकीचे रात्री पिऊन वातानाबेसारखं काम करू अशा आणाभाका घेतात आणि सकाळी खुर्च्यांवर जसेच्या तसे. त्याने उभं राहून तरी दाखवलं. पण कागदांच्या थप्पीआड परत गेला, म्हणून मी त्याला पास करत नाही. हिचं मत वेगळं.