इंटरनेट हा मूलभूत हक्क हवा का?

सातपुडेकर: ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना ई-केवायसीसाठी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवायला, पापण्या मिटून दाखवा म्हणत होते, त्यावरून हे प्रकरण कोर्टात गेलं होतं. माझं म्हणणं, आता सरळ इंटरनेटलाच हक्क म्हणा. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज नाही, पण लाडकी बहीणची ई-केवायसी ओटीपीवरच. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद, तीही ॲपवरच, आणि ती करायची राहून गेली तर हमीभावाच्या खरेदीत अडकायला होतं.

रोखठोक: प्रत्येक सोयीला हक्क म्हटलं की हक्काची किंमत जाते. इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, २०१२ मध्येच लिहून गेलेत की तंत्रज्ञान हे हक्क मिळवायचं साधन आहे, तो स्वतः हक्क नव्हे. एकेकाळी घोड्याशिवाय पोट भरणं कठीण होतं, पण हक्क पोट भरण्याचा होता, घोड्याचा नाही.

सातपुडेकर: मान्य. पण रेशनला घोड्यावरूनच या, असा जीआर तेव्हा निघत नव्हता ना?

वकीलबाई: दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. असलेलं नेट सरकारने तोडू नये ही एक मागणी, आणि नसलेलं आणून द्यावं ही दुसरी. पहिल्यावर अनुराधा भसीन खटल्याचा निकाल आहे, १० जानेवारी २०२०. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून नेट बंद होतं. कोर्ट म्हणालं की नेटवरून बोलणं आणि धंदा करणं यांना कलम १९ चं संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, बंदीचे आदेश प्रसिद्ध करा. नेट मिळणं हाच मूलभूत हक्क का, यावर मात्र मत दिलंच नाही. तिथे ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं, हेही विसरू नका. केरळ उच्च न्यायालय त्याआधीच, सप्टेंबर २०१९ मध्ये, पुढे गेलं होतं: वसतिगृहाने मुलींच्या मोबाइलवर वेळेची बंदी घातली, एकीने विरोध केला म्हणून तिला काढलं, तर कोर्टाने नेटला शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्कात बसवलं.

रोखठोक: जून २०२३ ला कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून दगडफेक झाली तेव्हा नेट बंद केलं. काय चुकलं? आणि "आणून द्यावं" याचा खर्च कुणाच्या खिशातून? गावोगावी नेट पोहोचवायची केंद्राची भारतनेट योजना २०११ पासून चालू आहे, अजून टॉवर शोधतोच आहोत. त्याला हक्काचं लेबल लावून केबल लवकर पडणार आहे का?

वकीलबाई: फिनलंडने २०१० पासून १ एमबीपीएस वेगाचं कनेक्शन कायद्याने बंधनकारक केलं, म्हणजे कंपनीला नाही म्हणता येत नाही. लेबलाने केबल पडत नाही, पण जाब विचारायला जागा मिळते.

रोखठोक: फिनलंड! लोकसंख्या पुणे किंवा ठाणे जिल्ह्यापेक्षा कमी. माझा उपाय स्वस्त आहे: जिथे रेंज नाही तिथे सगळे अर्ज कागदावर घ्या. ही सक्ती सरकारवर टाका, मग हक्कबिक्क लागणार नाही.

सातपुडेकर: या एकाला माझी सही. फक्त तो कागद पुढे पोर्टलवर चढवणार कोण, तेवढं सांगा. आमच्याकडचा ऑपरेटर सकाळीच मोटारसायकल काढून रेंजला जातो.