पाटणच्या शिलालेखाच्या वाचनासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सातवी-आठवीच्या मुलांना चाळीसगावजवळ पाटणादेवीला न्यायचंय. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला निकुंभ राजांनी दान दिलं, असं तिथला शके ११२८ चा शिलालेख सांगतो. आपल्या खान्देशात आठशे वर्षांपूर्वी गणित-ज्योतिष शिकवायची कायमची सोय! लेख संस्कृतात, पण दानाच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. एका पोरीनं विचारलं, "सर, मराठी आहे तर आपल्याला वाचता येईल ना?" तिला नुसतं 'हो' म्हणून भागणार नाही. कुणाकडे त्या ओळींचा स्पष्ट फोटो, वाचन आणि सोपा अर्थ आहे का? धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारायचं तर कसं? कुणी जाणकार सोबत येत असतील तर फारच बरं, येण्याजाण्याचा खर्च मी करतो.