'क्लेरिक'ला मराठीत काय म्हणावं? पुजारी, भगत की आणखी काही?

दर्यापूरहून, मूळ प्रश्न

कापसाची वेचणी आटोपली की आमच्या गावची पोरं संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. फासे, कागद आणि गोष्ट सांगणारा एक जण. तो मी. गोष्ट वऱ्हाडीत रंगते, पण पात्रांचे प्रकार आले की इंग्रजीत अडकते. क्लेरिक म्हणजे देवाच्या बळावर जखमा भरणारा, चालत्या मुडद्यांना पळवणारा. 'पुजारी' म्हटलं तर पोरं विचारतात, "पुजारी काऊन लढाईले जाईन जी?" अन् 'गॉड' आला की सगळीकडे 'देव'च लिहावं का? शब्द असे हवेत, जे इथल्या माणसाला बोलताना अडणार नाहीत.

अमरावतीहून

भाऊ, आधी एक पाहा: त्या पात्राला बळ कुठून येतं? शब्द त्यावरून निवडावा.

पुजाऱ्याकडे पूजेचा मान असतो, बहुतेक गावांत तो घराण्यातच चालत आलेला. तो देवाचं करतो. देव त्याच्या हातून काही करतो, असं गाव समजत नाही. म्हणून पोरांना शब्द खटकला, ते बरोबरच आहे. भगताचं उलटं. त्याच्या अंगात येतं, लोक त्याला विचारतात, तो अंगारा देतो, लागलेलं उतरवतो. काम क्लेरिकच्या जवळचं वाटतं, पण अंगात आल्यावर बोलतो तो देव, भगत तेवढा वेळ उरतच नाही. क्लेरिक मात्र शुद्धीत असतो. प्रार्थना करून मंत्र मिळवतो आणि कोणता मंत्र कुठे वापरायचा ते स्वतः ठरवतो.

या पात्राचं मूळही लक्षात घ्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला, तेव्हा पात्रांचे प्रकार तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. या क्लेरिकला धारेचं शस्त्र चालायचं नाही, गदा चालायची. सामानाच्या यादीत लाकडी आणि चांदीचा क्रूस होता. म्हणजे साचा युरोपातल्या चर्चचा, देव मात्र पुढे जगभरचे. १९८० च्या 'डीइटीज अँड डेमीगॉड्स' या त्याच्या पुस्तकात इंद्र आणि कालीसुद्धा आकडे लावून बसवलेले आहेत. आपल्याला चर्चचा साचा उचलायची गरज नाही, फक्त नातं उचलायचं: एका दैवताशी बांधलेला माणूस, आणि त्या बांधिलकीतून आलेलं बळ. माझ्या मते 'उपासक' चालेल.

धारणीहून

'उपासक' नको. आपल्या विदर्भात १९५६ च्या दीक्षेनंतर उपासक आणि उपासिका हे बौद्ध घरांतले रोजचे शब्द आहेत. अर्थही ठरलेला आहे: धम्म पाळणारा गृहस्थ. मंत्राने जखम भरणारा नव्हे. ओट्यावर बसणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांच्या घरात या शब्दाला मोल असेल, त्यांच्यासमोर तो असा वापरू नये.

आणि 'भगत' तर मुळीच नको. मेळघाटात आजारी लेकरू आधी भुमक्याकडे, म्हणजे इथल्या भगताकडे, जातं आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो. पोट फुगलं की डागण्या देतात, त्याला इकडे डंबा म्हणतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला तरी हे पुरतं थांबलेलं नाही. खेळात जखम भरणारा नायक 'भगत' झाला, तर त्या शब्दाला आपण नवी प्रतिष्ठा देऊ. मला ते सहन होणार नाही.

रिद्धपूरहून

'देव'बद्दल लिहितो. आमच्या गावाशी बांधलेल्या महानुभाव पंथाच्या तत्त्वज्ञानात चार अनादि पदार्थ मानले आहेत: जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त. देवता फळ देतात, पण मर्यादित. मोक्ष फक्त परमेश्वराकडून. इंग्रजी 'गॉड' आणि 'गॉड्स' यांत फरक एका अक्षराचा, आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्द तयार आहेत.

हे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनच्या कल्पित जगाला लावून पाहा. १९७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या 'सिल्मरिलियन'मध्ये एरू हा एकच निर्माता आहे. वालार जगाची व्यवस्था पाहतात, पण ते त्याने घडवलेले. लेखक श्रद्धावान कॅथलिक, त्यामुळे ही पायरी त्याने जपून ठेवली. मराठीत दोघांनाही 'देव' म्हटलं की ती पायरीच मोडते. एरूला परमेश्वर म्हणा, वालारांना देवता. एवढं ध्यानात असू द्या की महानुभाव देवता अनादि आहेत, कोणी घडवलेल्या नाहीत. जुळतं ते अधिकाराच्या बाबतीत, उत्पत्तीच्या बाबतीत नाही.

'अवतार'ही जपून वापरा. १९८५ च्या 'अल्टिमा फोर' या संगणकावरच्या खेळात नायक आठ सद्गुण साधून 'अवतार' होतो. आपल्याकडे अवतार वरून खाली येतो, साधना करून कोणी अवतार होत नाही. साधनेने होतो तो सिद्ध. 'स्कायरिम' या अशाच खेळातला टॅलोस हा माणूस असून देव ठरलेला, आणि तहाच्या अटीने त्याची पूजा बंद केलेली. त्याच्यासाठी 'देवपदाला चढला' हे सरळ मराठी आहे.

दर्यापूरहून

धारणीच्या ताई, 'भगत' सोडला. 'व्रती' कसा वाटतो?

अकोटहून

बोलतानी 'वरती' आयकू येते ना भाऊ. 'व्रतधारी' म्हना. व्रत मोडलं का बळ गेलं, हे पोट्ट्यायले सांगाच लागत नाही.

वॉरलॉकले काय म्हनता? तो भक्ती नाही करत, कोन्या बलाढ्याशी करार करते अन् बदल्यात ताकद घेते. माह्या मतानं तो 'सालदार'. पाडव्याले साल धरते, मालकाचं काम करते, ठरलं ते घेते. मालकावर श्रद्धा असाचं काही काम नाही. 'नवस' तिथं बसत नाही, कारन नवसात आधी देव पावते अन् मंग मानूस फेडते.

अमरावतीहून

'सालदार' चपखल. 'व्रतधारी'लाही माझी संमती, 'उपासक' मी मागे घेतो. फक्त मुडद्यांच्या बाबतीत 'उतरवणे' वापरू नका. उतरवायचं ते जित्या माणसाच्या अंगातून. इथे प्रेतच चालत येतं, त्याला 'हुसकावणे' म्हणा. आणि अशा प्रेतात शिरून त्याला चालवणारा कोणी असेल, तर तो वेताळ.

दर्यापूरहून

लिहून घेतलं: व्रतधारी, सालदार, देवता, परमेश्वर, हुसकावणे. पॅलाडिन अजून बाकी आहे. तो शपथ घेऊन लढतो, आणि 'व्रतवीर' म्हटलं तर व्रतधाऱ्याशी गल्लत होईल. कोणाकडे शब्द असेल तर सांगा जी.