चंद्रभागेवरील जुन्या दगडी पुलाच्या जागी केबल स्टेड पूल हवा का?

भीमाकाठ: उजनी आणि वीर धरणांतून विसर्ग वाढला की पंढरपूरचा जुना दगडी पूल पाण्याखाली जातो आणि वाहतूक बंद करावी लागते. आता डागडुजी पुरे झाली. गोव्यात झुआरी नदीवर १९८३ चा पूल थकल्यावर त्याच्या शेजारी उभारलेला केबल स्टेड पूल, म्हणजे उंच मनोऱ्यांवरून ताणलेल्या केबलांनी रस्ता पेलणारा पूल, डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. येथेही तसाच पूल व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोडनिंबकर: असहमत. झुआरीतून खनिजाच्या बार्ज ये-जा करतात, म्हणून तेथे पात्रात खांब टाळून मोठा गाळा (दोन खांबांमधील अंतर) घेणे भाग होते. चंद्रभागेत उन्हाळ्यात लोक वाळवंटातून चालत जातात! दगडी पुलाचे दुखणे त्याची कमी उंची हे आहे. महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, तेव्हा जून २०१७ पर्यंत तेथे नवा पूल उभा राहिला, आणि तोही एकाही केबलशिवाय.

भीमाकाठ: खांब कमी असणे हाच तर मुद्दा आहे. पुरात वाहून आलेली झाडे आणि जलपर्णी खांबांना अडकून पाणी तुंबते, शिवाय खांबाच्या पायथ्याशी भोवरे पडून तळ उकरला जातो. आषाढीला स्नानासाठी उतरणाऱ्यांना वाळवंट मोकळे मिळेल, तो लाभ वेगळाच.

जुनी मोजपट्टी: देखभालीचे काय? इटलीत जेनोवा येथील १९६७ चा पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळून ४३ जण दगावले. त्याच्या केबल काँक्रीटमध्ये गाडलेल्या होत्या, त्यामुळे आतील पोलाद गंजत गेले तरी ते बाहेरून दिसत नव्हते.

भीमाकाठ: म्हणूनच आता केबलमधील प्रत्येक तारपेडाला स्वतंत्र आवरण असते आणि खराब झालेली केबल बदलता येते. आणखी एक गोष्ट: केबलवर पेललेला रस्त्याचा थर पातळ असतो, त्यामुळे पुराच्या पातळीवर तेवढीच मोकळी उंची ठेवूनही रस्ता खाली राहतो आणि पुलावर चढणारा पोहोचरस्ता आखूड होतो. घाटाकडील दाटीवाटीच्या वस्तीत ही बाब लहान नाही.

मोडनिंबकर: आपला हा मुद्दा तपासण्यासारखा आहे, म्हणून हिशेबच मांडतो. मध्यम गाळ्याच्या साध्या पुलाच्या तुळया सुमारे दोन मीटर खोल असतात; केबलमुळे त्यातील एक मीटर वाचला, तर तीसास एक (तीस मीटरला एक मीटर) या चढाने पोहोचरस्ता प्रत्येक बाजूला जेमतेम तीस मीटर आखूड होईल. तीस मीटरसाठी पात्रात मनोरे उभारायचे आणि त्या केबलची कायमची तपासणी नगरपालिकेच्या किंवा बांधकाम खात्याच्या गळ्यात मारायची, हे मला पटत नाही.